‘तिरंगा म्हणू नका’ असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

पंधरा ऑगस्ट जवळ आला की एक मेसेज मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण सांगणं एकच असतं: आपल्या राष्ट्रध्वजाला ‘तिरंगा’ म्हणणं बंद करा. कारणं साधारण अशी दिलेली असतात. झेंड्यात रंग तीन नाहीत, चार आहेत. तीन रंग म्हणजे तीन धर्म, केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा ख्रिश्चनांचा. म्हणजे ‘तिरंगा’ म्हणताना आपण देशाचे धर्मावर तुकडे पाडतो. हे नाव मुळात एका पक्षाच्या झेंड्याचं आहे. कायद्यात ‘राष्ट्रध्वज’ हाच शब्द आहे, म्हणून ‘तिरंगा’ म्हणणं, त्यात तिरंगा बर्फी आणि तिरंगा केकही आले, हा अपमान आणि गुन्हा आहे. आणि शेवटची ओळ अशी की खादीचा नसेल तो झेंडाच नव्हे.

मेसेज पुढे पाठवणारी माणसं वाईट नसतात. त्यात शिक्षक असतात, सोसायटीचे सेक्रेटरी असतात, निवृत्त फौजीही असतात. झेंड्याबद्दल त्यांना मनापासून वाटतं. मलाही वाटतं, आणि म्हणूनच हे नाव असं चुकीच्या कारणांनी काढून घेतलेलं मला चालणार नाही. एकेक मुद्दा घेते.

‘रंग चार आहेत’

पांढऱ्या पट्ट्यावरचं चक्र निळं आहे, हे खरंच. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत ‘राष्ट्रध्वजात रंग किती’ असं विचारलं तर ‘चार’ हे उत्तर बरोबर धरायला माझी हरकत नाही. पण नाव पट्ट्यांवरून पडलंय, आणि पट्टे तीनच आहेत.

हे माझं मत नाही. २२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडला. त्याचं पहिलंच वाक्य असं आहे की भारताचा राष्ट्रध्वज आडवा तिरंगी असेल: गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा, तिन्ही समान प्रमाणात. निळ्या चक्राचा उल्लेख त्याच्या पुढच्या वाक्यात येतो. ठराव लिहिणाऱ्यांना निळा रंग दिसत होता, त्यांनी तो नावानिशी लिहिला, आणि तरीही ध्वजाला तिरंगीच म्हटलं. २००२ च्या ध्वजसंहितेतही, म्हणजे ध्वज कसा असावा आणि कसा वापरावा याच्या सरकारी नियमांतही, तेच. राष्ट्रध्वज म्हणजे सारख्या रुंदीच्या तीन आयताकृती पट्ट्यांचा तिरंगी पट, असंच वर्णन तिथे आहे, आणि चोवीस आऱ्यांच्या निळ्या चक्राचं वर्णन त्यानंतर येतं.

त्याआधी १९३१ साली काँग्रेसने जो झेंडा स्वीकारला त्याच्या मधल्या पट्ट्यावर चरखा होता, आणि तोही गडद निळाच. तेव्हा तर कोणी ‘चौरंगा’ म्हटलं नाही. आपल्याकडे मराठीत ‘तिरंगी झेंडा’ म्हणायचे, हिंदीतून ‘तिरंगा’ आला आणि इथलाच झाला. दोन्ही चालतात.

‘तीन रंग म्हणजे तीन धर्म’

मेसेजमधला हा सगळ्यांत जड मुद्दा. यावर जरा थांबायला हवं, कारण तो हवेतून आलेला नाही. रंगांना धर्म एकदा खरोखर जोडले गेले होते, आणि जोडणारे खुद्द गांधीजी होते.

१९२१ सालची गोष्ट. बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेस समितीची बैठक होती. तिथे पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना लाल आणि हिरव्या रंगाच्या झेंड्याचा आराखडा करून दिला. झेंड्यावर चरखा असावा ही सूचना जालंदरच्या लाला हंसराज यांची. गांधीजींनी त्यात पांढरा रंग वाढवला आणि १३ एप्रिल १९२१ च्या ‘यंग इंडिया’त त्यामागचा विचार मांडला. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्या सगळ्या धर्मांचा.

इथेच दोन गोष्टी लक्षात घ्या. तो रंग लाल होता, केशरी नव्हता. आणि पांढरा ‘ख्रिश्चनांचा’ नव्हता, उरलेल्या सगळ्यांचा होता. मेसेजवाल्यांनी १९२१ चा अर्थसुद्धा नीट उचललेला नाही.

त्या झेंड्यात पट्ट्यांचा क्रम आजच्यापेक्षा वेगळा होता. पांढरा सगळ्यांत वर, मधे हिरवा, खाली लाल. संख्येने जे सगळ्यांत थोडे त्यांना पहिली जागा, आणि जे सगळ्यांत जास्त ते तळाशी. बलवानाने दुर्बळाची ढाल व्हावं, ही त्यामागची कल्पना गांधीजींनी स्वतः लिहून ठेवली आहे. पट्टे सारख्या रुंदीचे का, तर लहानातला लहान मोठ्यातल्या मोठ्याच्या बरोबरीचा म्हणून. देश वाटून टाकायचा हेतू त्यात शोधूनही सापडणार नाही.

हा विचार मला आजही मोठा वाटतो. पण तो टिकला नाही, आणि का टिकला नाही हे बघण्यासारखं आहे. एकदा रंग धर्मांना वाटले की ज्याला वेगळा रंग मिळाला नाही तो विचारणारच, आमचा कुठे? शिखांनी ते विचारलं. आमचाही रंग घ्या, नाहीतर हा धार्मिक हिशेबच सोडून द्या, असा त्यांचा आग्रह होता. मग एप्रिल १९३१ मध्ये कराचीला काँग्रेस कार्यकारिणीने सात जणांची ध्वज समिती नेमली: सरदार पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल नेहरू, काका कालेलकर, सेवादलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि निमंत्रक पट्टाभि सीतारामय्या.

या समितीने काय सुचवलं हे आज कितीतरी जणांना ठाऊक नसतं. तिने सुचवला संपूर्ण केशरी झेंडा, कोपऱ्यात तांबूस तपकिरी चरखा. आझाद आणि तारासिंग ज्या समितीत बसले होते तिने हे सुचवलं, कारण केशरी हा या देशाच्या जुन्या परंपरेशी जोडलेला आणि सगळ्यांना पटेल असा रंग आहे असं समितीला वाटलं. ज्या रंगावर आज ‘हा आमचा, तो तुमचा’ चाललंय, तो त्या वेळी धर्मांची भांडणं मिटावीत म्हणून पुढे आला होता.

अखिल भारतीय काँग्रेस समितीला एकरंगी झेंडा पटला नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत बैठक झाली आणि तिथे केशरी, पांढरा, हिरवा हा आजचा क्रम ठरला. लाल जाऊन केशरी आला, तो वर गेला, पांढरा मधे आला. सोबत अर्थही ठरवून दिले: केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे शांती आणि सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य, चरखा म्हणजे सामान्य जनतेची आशा. या रंगांना कोणताही धार्मिक अर्थ नाही, हे ठरावातच सांगितलं. म्हणजे ‘केशरी-पांढरा-हिरवा’ अशा रूपात तिरंगा जन्मला तो मुंबईत, आणि जन्मतानाच धर्माचा हिशेब बाजूला ठेवून जन्मला. १९२१ चा अर्थ १९३१ च्या झेंड्याला चिकटवायचा आणि मग त्या अर्थासाठी नावाला दोष द्यायचा, हे कुठल्याच बाजूने न्यायाचं नाही.

१९४७ ला हे पुन्हा एकदा स्पष्ट केलं गेलं. ठराव मांडताना नेहरू म्हणाले की काही लोकांनी या झेंड्याचा अर्थ चुकीचा लावून एखादा भाग या समाजाचा, एखादा त्या समाजाचा असं मानलं आहे, पण तो तयार झाला तेव्हा त्याला असा कोणताही अर्थ दिलेला नव्हता. डॉ. राधाकृष्णन यांनी त्याच चर्चेत केलेला उलगडा ध्वजसंहितेच्या प्रस्तावनेत आजही आहे. केशरी म्हणजे वैराग्य, निरपेक्षता. नेत्यांनी स्वतःच्या लाभाकडे पाठ फिरवून काम करावं यासाठी. पांढरा म्हणजे प्रकाश, सत्याची वाट. हिरवा म्हणजे मातीशी आणि झाडाझुडपांशी असलेलं नातं, ज्यांच्यावर बाकी सगळं जीवन उभं आहे. चक्र म्हणजे धर्मचक्र आणि गती. आसामचे मुस्लिम लीगचे सदस्य सय्यद महंमद सादुल्ला यांनी आपल्या भाषणात सांगितलं की केशरी वस्त्रं विरक्त माणसं वापरतात, आणि तशी माणसं हिंदूंमध्ये असतात तशी मुसलमानांतही असतात. फाळणीला महिनाही उरला नव्हता, पंजाब पेटलेला होता, आणि सभागृहात हे बोललं जात होतं. मला ही चर्चा वाचताना दर वेळी भरून येतं.

कोणी म्हणेल, ठराव काहीही म्हणोत, लोकांच्या मनात तर तो धर्मांचा अर्थ आहेच ना? असेल. शाळांतूनही तसं सांगितलं जातं, हे मी ऐकलंय. पण मग त्या अर्थाचा पुढचा हिशेबही करा. तीन पट्टे तीन धर्मांना दिले, तर शीख, जैन, पारशी कुठे उभे राहणार? अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंनी जमणाऱ्यांचा पट्टा कुठला? मेळघाटातल्या कोरकू आदिवासींचा कुठला? कोणताच धर्म न मानणाऱ्याचा कुठला? १९३१ ला जो प्रश्न सुटला तो पुन्हा उकरून काढायचं काम हा मेसेज करतो.

आयर्लंडची गोष्ट इथे उपयोगी पडेल. त्यांच्या राज्यघटनेच्या सातव्या कलमात राष्ट्रध्वज म्हणजे ‘हिरवा, पांढरा आणि नारिंगी असा तिरंगी’ असं थेट लिहिलेलं आहे. फ्रान्सच्या १९५८ च्या राज्यघटनेतही ध्वजाला तिरंगीच म्हटलंय. आयर्लंडमध्ये हिरवा प्रामुख्याने कॅथलिकांची परंपरा दाखवतो, नारिंगी प्रोटेस्टंटांची, पांढरा त्यांच्यातला सलोखा. १८४८ साली थॉमस फ्रान्सिस मीगर यांनी तो फडकावला तेव्हापासून हाच अर्थ अभिमानाने सांगितला जातो. म्हणजे ज्या देशाने रंगांना खरोखर धर्म दिले, त्यालाही ‘तिरंगी’ हे नाव तोडणारं वाटत नाही. आपण तर तो अर्थ ठराव करून सोडला.

‘हे एका पक्षाचं नाव’

काँग्रेसचा झेंडा तिरंगी होता, आजही आहे. राष्ट्रध्वज त्याच्यावरूनच बेतला, हे कोणी नाकारत नाही. पण तोच उचलून लावला, असं झालेलं नाही. जून १९४७ मध्ये संविधान सभेने डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र ध्वज समिती नेमली. तिच्यात मौलाना आझाद, राजगोपालाचारी, सरोजिनी नायडू, कन्हैयालाल मुन्शी, सरदार पणिक्कर होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. बाबासाहेब काँग्रेसच्या झेंड्यापुढे मान तुकवणारे होते असं ज्यांना वाटतं, त्यांना काय सांगावं!

या टप्प्यावर चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहस्तंभावरचं चक्र आलं. त्याचं एक अगदी व्यवहारी कारण नेहरूंनी सभागृहात सांगितलं. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा. चरखा काढला की एका बाजूला त्याचं चाक, दुसऱ्या बाजूला चाती, म्हणजे सूत गुंडाळायची सळई. मागून बघितलं की चित्र उलटं. चक्राचं तसं होत नाही, कुठूनही बघा ते चक्रच. आणि ठरावात लिहिलं की हे चक्र चरख्याचं प्रतीक म्हणून असेल, म्हणजे चरखा पुसला नाही, त्याचं चाक ठेवलं. त्या दिवशी नेहरूंनी नुसता कागद वाचून दाखवला नाही, सभागृहापुढे दोन झेंडे धरले, एक रेशमाचा आणि एक सुती खादीचा. ठरावाला पाठिंबा देणाऱ्यांत मुस्लिम लीगचे चौधरी खलीकुज्जमान होते, अँग्लो-इंडियन समाजाचे फ्रँक अँथनी होते. शेवटी सगळी सभा उभी राहिली आणि ठराव संमत झाला. पक्षाचा झेंडा असा स्वीकारतात का?

आता नावाबद्दल. कानपूरकडचे श्यामलाल गुप्त ‘पार्षद’ यांचं झेंडागीत १९२४ च्या सुमाराचं, आणि त्यात ‘तिरंगा’ हा शब्द आहे. ते काँग्रेसच्या सभांतून गायलं गेलं, कबूल. पण शब्द सभांच्या मांडवात थांबला नाही. त्याआधी, १९२३ मध्ये, नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन जायला बंदी होती. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, विनोबा गेले, मग वल्लभभाई पटेलांनी येऊन सूत्रं हाती घेतली, देशभरातून लोक येत राहिले आणि ऑगस्टमध्ये झेंड्याची मिरवणूक त्याच रस्त्यावरून गेली. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर अरुणा असफ अलींनी तिरंगा चढवला. पुढच्याच महिन्यात नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार मेहता हातात तिरंगा घेऊन मिरवणुकीत होता. पोलिसांनी गोळ्या घातल्या, तरी त्याने झेंडा सोडला नाही. ज्या गावात त्याचं स्मारक आहे तिथल्या मुलांना जाऊन सांगाल का, की हे एका पक्षाचं नाव आहे?

आणि स्वातंत्र्यानंतरचा गोवा घ्या, म्हणजे हा मुद्दा पुरता निकालात निघतो. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला, त्या तुकडीचे पुढारी आल्फ्रेड अफोन्सो. १९५५ मध्ये पुण्यातून गोव्याकडे निघालेल्या तुकड्यांमध्ये समाजवादी नानासाहेब गोरे होते, सेनापती बापट होते, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी होते, कम्युनिस्ट होते. यातले बहुतेक जण काँग्रेसचे विरोधक, आणि सीमेवर सत्याग्रहींना मोठ्या संख्येने जाऊ न देणाऱ्या काँग्रेस सरकारवर तर त्यांचा राग होता. तरी पोर्तुगीज शिपायांच्या बंदुकांपुढे ते जो झेंडा घेऊन गेले त्याला ते तिरंगाच म्हणत होते.

तीन रंगांचा झेंडा काँग्रेसच्या झेंड्याआधीही होता, हेही जाता जाता. १९०७ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टला मादाम कामांनी उभारलेला झेंडा हिरव्या, केशरी आणि लाल पट्ट्यांचा होता, मधे ‘वंदे मातरम्’. तो पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवला आहे. पुण्यात असाल तर जाऊन बघा.

‘कायद्याने तिरंगा म्हणणं गुन्हा’

नाही. राष्ट्रप्रतिष्ठा अपमान प्रतिबंध कायदा १९७१ चा. सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळणं, फाडणं, मळवणं, तुडवणं किंवा त्याचा अवमान करणं याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्यात ‘शब्दांनी’ अवमान हेही आहे, आणि मेसेज बहुधा तेवढाच धागा पकडतो. पण अवमान व्हायला अवमान करावा लागतो. माणूस प्रेमाने एखादं नाव घेतो त्याला कोणतंही न्यायालय अवमान म्हणणार नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने १३ ते १५ ऑगस्टला घरोघरी झेंडा लावायची मोहीम काढली तिचं नावच ‘हर घर तिरंगा’. सरकारी मोहिमेच्या नावात असलेला शब्द सोसायटीच्या ग्रुपवर गुन्हा कसा ठरतो?

नागरिकाला झेंडा लावायचा हक्क तरी कुठे सुरुवातीपासून होता? २००२ पर्यंत ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले तर सामान्य माणसाला आपल्या घरावर, दुकानावर झेंडा लावता येत नसे. उद्योगपती नवीन जिंदाल यांनी आपल्या कारखान्यावर झेंडा लावला आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ जानेवारी २००४ ला न्यायालयाने सन्मानाने झेंडा लावणं हा अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. झेंडा सरकारी इमारतीवरून लोकांच्या घरावर आला, आणि घरात आल्यावर त्याला घरचं नाव असणारच. ‘राष्ट्रध्वज’ हा शब्द परिपत्रकात शोभतो, तिथे तो हवाच. पण घराच्या सज्ज्यावर झेंडा लावताना आजी नातवाला ‘राष्ट्रध्वज नीट धर’ म्हणत नाही.

आता बर्फी आणि केक. कोइम्बतूरला २०१३ च्या नाताळात सहा बाय पाच फुटांचा केक कापला गेला, त्यावर तिरंगी भारताचा नकाशा आणि अशोकचक्र होतं. तक्रार झाली. मार्च २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो अपमान नाही असा निकाल दिला. या एका बाबतीत मेसेज लिहिणाऱ्यांची अस्वस्थता मला समजते. चक्रासकट केक सुरीने कापणं मलाही रुचणार नाही. पण माझ्या रुचीने गुन्हा ठरत नाही. आणि तीन रंगांचा ढोकळा किंवा पुलाव म्हणजे झेंडा नव्हे. मुलं शाळेच्या डब्यात ते आनंदाने नेतात, त्यांना अडवू नका.

नियम खरोखर जिथे मोडतात तिकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. झेंड्यावर कोणत्याही प्रकारचा मजकूर लिहायला ध्वजसंहितेत मनाई आहे. क्रिकेटच्या मैदानावर गावाचं, खेळाडूचं, मंडळाचं नाव लिहिलेले झेंडे बघा, सगळे टाळ्या वाजवतात. कमरेच्या खाली नेसायच्या कपड्यात, उशीच्या अभ्र्यावर, रुमालावर, नॅपकिनवर झेंडा वापरणं कायद्याने बंद आहे. फाटका, मळका झेंडा लावायला बंदी आहे. कागदी झेंडे कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकायचे नाहीत. सोळा ऑगस्टच्या सकाळी कुठल्याही शाळेसमोरचा रस्ता बघितला तर पुरे.

‘खादीचा नसेल तो झेंडाच नव्हे’

हे ३० डिसेंबर २०२१ पर्यंत बऱ्याच अंशी खरं होतं. हाताने कातलेली आणि हातमागावर विणलेली लोकर, सूत किंवा रेशीम खादी, एवढीच परवानगी होती. त्या दिवशीच्या दुरुस्तीने यंत्रावर केलेला झेंडा आणि पॉलिएस्टर, दोन्ही चालू झालं. पुढे जुलै २०२२ मध्ये, उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर झेंडा दिवसा आणि रात्रीही ठेवायची मुभा मिळाली. म्हणजे आज पॉलिएस्टरचा तिरंगाही कायद्याने राष्ट्रध्वजच आहे, आणि ज्याच्या घरावर तो लागलाय त्याला कमी लेखायचा हक्क कोणालाच नाही.

पण या एका मुद्द्यावर माझं मन मेसेजवाल्यांच्या बाजूला आहे. स्वतंत्र भारताने वस्तूंच्या दर्जाची मानकं ठरवायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या क्रमांकाचं मानक, ‘आयएस १’, राष्ट्रध्वजाचं झालं. सिमेंट, लोखंड सगळं त्याच्यानंतर. नऊ ठरलेली मापं, सर्वांत मोठं ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १००. चक्र छापलेलं असो, स्टेन्सिलने उमटवलेलं असो किंवा भरतकामाचं, ते पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे. हे असं काटेकोर काम हुबळीजवळच्या बेंगेरीत होतं आणि आपल्याकडे नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत होतं. चरखा झेंड्यावरून उतरून चक्रात गेला, पण झेंड्याच्या कापडात तो राहिला होता. पॉलिएस्टरने तो तिथूनही निघाला, याचं दुःख मला आहे.

खिशाला परवडत असेल तर नांदेडचा घ्या. नसेल परवडत तर जो मिळेल तो नीट लावा. केशरी वर, सरळ, इतर कोणताही झेंडा त्याच्यापेक्षा उंच नाही. उन्हापावसाने रंग उडाला, कड उसवली की उतरवा. खराब झालेला झेंडा कचऱ्यात टाकायचा नसतो. तो चारचौघांत नाही तर एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने पूर्णपणे नष्ट करायचा असतो, असं ध्वजसंहिता सांगते. कागदी झेंड्यांनाही हाच नियम आहे.